विजेला भिणाऱ्या रेश्माचा रेडिओ

रेश्मा मोहिते घरातल्या दिव्याचं बटण लाटण्याच्या टोकानं दाबायची. गावात कुणी तिला हसत नसे. तिचा नवरा शंभूराज माधवनगरच्या एका कापड गिरणीत वायरमन होता. मेन बंद आहे अशा समजुतीनं त्यानं पेटीत हात घातला आणि जागीच गेला. तेव्हापासून कृष्णाकाठच्या त्या घरात रेश्मा आणि सासू बयाबाई दोघीच राहत. रेश्मा शिवणकाम करायची, तेही पायानं चालवायच्या मशिनवर.

अशा बाईनं रेडिओ संच जोडायला घेतला तो २०१९च्या पुरामुळं. पाणी उंबऱ्याच्या आत आलं तशा दोघी शेजारच्या स्लॅबवर चढल्या. वीज गेली, टॉवर बंद पडला, फोन मुके झाले. धाकटी बहीण साक्षी लोणंदला दिलेली. आपण जिवंत आहोत एवढं तिला कळवायचीही सोय नव्हती. तेव्हा बोटीतून एक माणूस आला. त्याच्याजवळ छोटा संच, बॅटरी आणि लांब तार होती. त्यानं तार झाडाला बांधली आणि थेट साताऱ्याशी बोलला. "स्लॅबवर म्हातारी माणसं आहेत, औषधं पाठवा." पलीकडून उत्तर आलं, ते रेश्मानं स्वतःच्या कानानं ऐकलं.

पुढं नदी वाढली की तिला पाण्यापेक्षा त्या मुकेपणाची धास्ती वाटायची. त्या धास्तीपोटीच तिनं अभ्यास केला, तसा संच चालवायला लागणारी हौशी रेडिओची सरकारी परीक्षा दिली, परवाना मिळवला आणि टपालानं सुट्या भागांचं किट मागवलं.

बयाबाईंनी खोका बघितला आणि त्या भिंतीला टेकून बसल्या.

"जिनं माझा ल्योक गिळला, तिलाच घरात बोलावतीस व्हय गं?"

"आत्ती, ह्यो बॅटरीवर चालतोय. एवढ्याशा करंटनं मानूस मरत न्हाई."

"शंभूबी असंच म्हणायचा. काय हुत न्हाई म्हणायचा."

रेश्मानं खोका उघडला. भाग जोडायची सोल्डरिंगची कांब मात्र घरातल्या विजेवरच तापायची. प्लग लावताना ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. तळव्याला इतका घाम यायचा की मोहरीएवढे भाग चिमट्यातून निसटायचे. तरी दुपारच्या उजेडात, एकेक डाख देत, तिनं संच पुरा केला.

पहिल्यांदा बॅटरी जोडली आणि फट्ट आवाज झाला. धूर आला. रेश्मा अनवाणीच अंगणात धावली. तुळशीपाशी पोचली तरी पाय थांबेनात. एक भाग उलटा बसला होता, एवढंच झालं होतं. ते तिला कळलंही. पण खोका तिनं माळ्यावर टाकला आणि महिनोन्महिने त्याच्याकडं बघितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. नदीकाठच्या लोकांनी सामान आवरून ठेवावं. रेश्मानं खोका खाली काढला, तो भाग बदलला, श्वास रोखून बॅटरी जोडली. या वेळी धूर आला नाही. कर्ण्यातून बारीक खरखर येऊ लागली.

आता तार उंच बांधायची राहिली होती. तिनं दोरीला दगड बांधून परसातल्या नारळावर फेकला. दोरीच्या मागच्या टोकाला तांब्याची तार बांधली होती. ती चिखलात लोळू नये म्हणून बयाबाई टोक धरून उभ्या होत्या. आजवर लांब राहिलेल्या सासूबाई आपणहून आल्या, याचंच रेश्माला बरं वाटत होतं. पण दगड चुकला, वाऱ्यानं वळला आणि दोरी परसामागच्या रस्त्यावरल्या विजेच्या लायनीवर पडली. दगडाच्या वजनानं मागची तांब्याची तार ओढली जाऊन लायनीकडं सरकायला लागली.

"आत्ती, तार सोडा!"

"आगं, चिखलात पडंल की!"

"सोडा म्हणते न्हवं!"

सासूवर ती कधी ओरडली नव्हती. बयाबाईंनी दचकून हात उघडले. तार खाली पडते न पडते तोच वर निळा जाळ उडाला, कडाडकन आवाज झाला आणि अख्ख्या गल्लीतली वीज गेली.

बयाबाई आपल्या रिकाम्या तळव्यांकडं बघत राहिल्या. रेश्मानं त्यांना मागं ओढलं आणि दोघी ओट्यावर एकमेकींना धरून बसल्या.

लाइनमन विश्वजीत आला. त्यानं लाइन बंद करून दोरी काढली आणि चांगलंच झापलं. "लायनीच्या शेजारी तार फेकताय व्हय वैनी? दोघी बी गेला असता की!" रेश्मा मान खाली घालून ऐकत राहिली. मग त्यानंच शेताच्या बाजूला, लायनीपासून लांब, कळकाचे दोन उंच बांबू रोवून त्यांवर तार बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी पाणी आणखी चढलं. रेश्मानं बोलायचं बटण दाबलं आणि लगेच सोडलं. पुन्हा दाबलं. परवान्यावरची अक्षर-आकड्यांची आपली खूण कशीबशी उच्चारली आणि बोट काढलं.

नुसती खरखर. मग त्या खरखरीतून एक पुरुषी आवाज वर आला. "औंधहून पृथ्वीराज बोलतोय. आवाज येतोय तुमचा. तिकडं पाणी कुठवर आलंय?"

रेश्मा संचाकडं बघतच राहिली. दारातून बयाबाई म्हणाल्या, "बोल की गं. मानूस वाट बघतंय."

तिनं बटण दाबलं.

"पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलंय," ती म्हणाली. "आमी दोघी हाय हितं. ऐकू येतंय न्हवं?"