लाल हाताची गोधडी घेऊन मॉन्ट्रियलला

कॅनडातल्या आमच्या विंडसरहून मॉन्ट्रियल एका दिवसात गाठता येतं. पण पाठ आणि नवरा दोन्ही शाबूत ठेवायचे असतील तर किंग्स्टनला मुक्काम करा. आम्ही केला, आणि तिथेच माझी चूक माझ्या लक्षात आली.

निघायचं कारण मॉन्ट्रियलला राहणारी आमची लेक तेजू. तिचं शॉनशी लग्न ठरलंय आणि त्याच्या वडिलांना, डेसमंडना, पहिल्यांदाच भेटायचं होतं. तेजूने बजावलं होतं, "आई, फक्त लंच आहे. नो रिच्युअल्स, नो गिफ्ट्स. प्लीज!" त्याला कारण मीच. व्हिडिओ कॉलवर मी त्या विधुर माणसाला सरळ विचारलं होतं, "दुसरं लग्न का नाही केलंत?" आपल्याकडे विचारतात हो! पण त्यानंतर तेजूने कितीतरी दिवस माझा फोन उचलला नाही. यावेळी काही चुकलं तर पोरगी कायमची दुरावेल, ही धास्ती घेऊनच मी गाडीत बसले.

तरी रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं म्हणजे काय! डेसमंड आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांताचे. तिथल्या रग्बी संघावर त्यांचा भारी जीव. कॉलवर त्यांच्या मागे झेंडा दिसायचा: पिवळ्यावर लाल क्रॉस आणि मधल्या पांढऱ्या ढालीवर लाल पंजा. तोच पंजा संघाच्या चिन्हात. मी जुन्या साड्यांची गोधडी शिवली, आधी एका चादरीवर सराव केला आणि मग मधल्या पांढऱ्या कापडावर लाल रंगात हात बुडवून ठसा उमटवला. नव्या घराच्या भिंतीवर हळद-कुंकवाचा उमटवतो ना, तस्साच. अर्थात उजव्या हाताचा. शुभकार्यात डावा हात? छे!

४०१ हायवेला टोल नाही, पण टोरांटोजवळ ट्रक अंगावर येतात. शुक्रवारी दुपारी तर जाऊच नका. दशम्या आणि लसणाची चटणी घरून नेली होती. वाटेत फक्त कॉफी आणि वॉशरूम. गोधडी डिकीत, पांघरुणात लपवलेली.

किंग्स्टनला तळ्याकाठची हॉटेलं महाग आहेत, हायवेजवळचं मोटेल पुरतं. चहा पिता पिता मी फोनवर त्या चिन्हाबद्दल वाचत बसले. गोष्ट अशी: होड्यांची शर्यत लागली, ज्याचा हात आधी किनाऱ्याला लागेल तो राजा. मागे पडलेल्या एकाने स्वतःचा हात तोडला आणि किनाऱ्यावर फेकला! लाल क्रॉस बाहेरून आलेल्या घराण्याचा, हात तिथल्या जुन्या घराण्याचा, दोन्ही एका झेंड्यावर नांदतात. वाचून मला बरं वाटलं, अगदी सोयरीकच की. आणि पुढे लिहिलेलं: हा हात उजवाच असतो. डावा पंजा वेगळी खूण, सरदारांच्या किताबाची.

चित्र पाहिलं. तळवा आपल्याकडे, अंगठा उजवीकडे. माझ्या ठशात अंगठा डावीकडे!

"अहो, हात डावा झालाय!"

"कुणाचा?" हे टीव्हीतून मान न काढता म्हणाले.

"गोधडीवरचा! उजव्याचा ठसा घेतला तर डावा पंजा दिसतो."

"मग देऊ नकोस. नाहीतरी तेजू नकोच म्हणाली होती." आणि चहा ओढायला लागले. धन्य!

दुसऱ्या दिवशी क्यूबेक लागलं, पाट्या फ्रेंच झाल्या. पार्किंगची पाटी नीट वाचा, तिथे बाण, वेळा, महिने सगळंच असतं. मला काहीच वाचवत नव्हतं. गोधडी डिकीतच ठेवायची असं मी ठरवलं होतं. पण डेसमंडच्या दारात ह्यांनीच डिकी उघडली आणि भाबडेपणाने गोधडी त्यांच्या हातात ठेवली. तेजूचा चेहरा पडला.

डेसमंडनी ती टेबलावर पसरली. ठशाच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "पण हा तर डावा आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तेजू उठली. आता ही गोधडी गुंडाळणार, असंच वाटलं. तिने आपला उजवा तळवा त्या ठशावर पालथा ठेवला. अंगठ्यावर अंगठा बसला. बोटं मात्र माझ्या ठशाच्या बाहेर गेली, माझ्यापेक्षा मोठा हात झालाय तिचा.

"आईने उजव्यानेच केलाय," ती इंग्रजीत त्यांना म्हणाली. "झेंड्यावरचा हात समोरच्याला दाखवलेला आहे. हा टेकवलेला आहे. तुमच्या गोष्टीतला हात किनाऱ्यावर पालथा पडला, तर वाळूत ठसा असाच उमटला असेल ना?"

तिने हात उचलल्यावर डेसमंडनी आपला ठेवला. डोळे भरले होते त्यांचे. नंतर स्वतःहून बायकोबद्दल बोलले, आणि मी, तेजूची शपथ, एकही प्रश्न विचारला नाही.

येताना एका दमात घरी आलो, पाठीचा भुगा झाला. विंडसरला बेसमेंटमध्ये सरावाची चादर अजून वाळत होती. तिच्यावर हात ठेवला आणि त्या राजाची गोष्ट आठवली. किनारा मिळाला खरा, पण हात तिथेच राहिला. मी या देशात आले तेव्हा माझ्या आईनेही मला असंच लांबच्या किनाऱ्यावर गमावलं असणार. आता तेजूच्या बाबतीत माझी पाळी, आणि मला त्याची भीती वाटते.

रविवारी तेजूचा फोन आला. गोधडी झेंड्याखाली टांगलीय म्हणे.

"आई, लग्नानंतर आमच्या भिंतीवरही तसा हात करायचा का गं? पण तू यायचं हं. कुठला करायचा?"

"उजवा," मी म्हटलं.