तिवाच कशावरून?

शेवटी हातात उरलं ते तिव्याचं कार्ड. तिवा म्हणजे जनावरांचा तीन दिवसांचा ताप. जनावर बसकण मारतं आणि बहुधा आपलं आपण उठतं. मी ऐटीत साहेबांकडे पाहिलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बेलापूरजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो आणि निदानासाठी स्वतः कार्डं बनवली होती. एका रोगाचं एक कार्ड, कडेला लक्षणांची भोकं. त्या रोगात ते लक्षण असेल, तर भोक कडेपर्यंत कापलेलं. गठ्ठ्यात स्वेटरची सुई घालून उचलली, की तेवढीच कार्डं खाली पडायची. बाद झालेली मी क्रमाने बाजूला ठेवायचो, म्हणजे कोणता रोग कोणत्या उत्तरामुळे गळाला ते उलट सांगता येई. कॉम्प्युटर आम्ही फोटोतही पाहिला नव्हता, पण माझा रुबाब बघायला हवा होता!

इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना हा पोरखेळ वाटला. निदान सांगा आणि मोकळे व्हा, शेतकऱ्याला कारणं कशाला, असं त्यांचं म्हणणं. गोठ्यात गेनभाऊंचा पाखऱ्या मान टाकून पडला होता. कालच पोळा झालेला. गेनभाऊंकडे तो एकच बैल, रब्बीचा पेरा तोंडावर.

"तिवाच हाय हे कशावरून म्हनता, डॉक्टर?" गेनभाऊंनी विचारलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला तर हेच हवं होतं! एकेक गठ्ठा उचलत मी उलटा निघालो. पोटाच्या रोगांपाशी आलो आणि म्हणालो, "हे सगळे बाद, कारण खाण्यात बदल नाही असं तुम्ही सांगितलंत."

"चारा रोजचाच हुता. आळीनं घरोघर ओवाळून पुरनपोळ्या चारल्या, त्यो काय चारा न्हाई. निवद हाय."

पुरणपोळ्या, त्याही घरोघर! एवढं गोड बैलाच्या पोटात आंबतं, त्याचं आम्ल होतं आणि बैल हातचा जातो. तिवा समजून आम्ही त्याला निवांत पडू देणार होतो! बाद गठ्ठा उचलला, सुई घातली. खाण्यात बदल, होय. आंबलेल्या पोटाचं कार्ड टपकन खाली पडलं. काय सांगू तो आनंद!

खायचा सोडा आणायला साहेब स्वतः दुकानात पळाले. नळीने सोड्याचं पाणी पाजलं, पोट चोळत बसलो. दुसऱ्या सकाळी पाखऱ्या उभा होता. गेनभाऊ त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि खरं सांगतो, मीही.

आता कॉम्प्युटरवरच्या, तज्ज्ञासारखा सल्ला देणाऱ्या एक्स्पर्ट सिस्टीम आपल्या निर्णयाची कारणं सांगतात, असं नातू कौतुकाने सांगतो. सांगायलाच हवीत. चूक ऐकणाऱ्यालाच सापडते. माझ्या कार्डांना मात्र त्याच आठवड्यात एक नवं भोक पाडावं लागलं: काल सण होता का?