तांदळाची झेरॉक्स

बाबा गेल्यावर मला रडू आलं नाही. रडायला म्हणून बसलं की कुणीतरी कसली तरी झेरॉक्स मागायचं. तेरावा झाला आणि मी आईला घेऊन बनारसातल्या बाबांच्या जुन्या ऑफिसात खेटे घालायला लागले. त्यांच्या पेन्शनवर घर चालायचं. ती आता आईच्या नावावर व्हायची होती, आणि घोळ नावातच होता.

बाबांच्या सगळ्या कागदांवर आईचं लग्नातलं नाव. आमच्यात आडनावाबरोबर पहिलं नावसुद्धा बदलायचे. आधारवर मात्र माहेरचं नाव, कारण जन्मतारखेचा पुरावा म्हणून तिच्याकडे फक्त शाळेची मार्कशीट होती आणि आधार काढणाऱ्याने त्यावरूनच नाव उतरवलं. राहू दे, काय अडतंय, असं बाबा तेव्हा म्हणाले होते. बाबांचं खरंच काही अडलं नाही.

ऑफिसातल्या बाबूने दोन्ही झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या. आधारच्या झेरॉक्समध्ये आईचा चेहरा काळा आला होता, डोळे कुठले आणि कुंकू कुठलं काही कळत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. त्याने अगदी साधेपणाने मला विचारलं, "बहनजी, इन दोनों में से जीवित कौन हैं?"

मला राग यायला हवा होता. एरवी मी एवढ्यातेवढ्यावरून तडकते. तेव्हा फक्त वाटलं, विचारतोय ते बरोबर आहे. दोन्ही ह्याच, लग्नात नाव बदललं, असं मी सांगितलं. त्याने नाव बदलल्याचा कागद मागितला.

"चावल में लिखा था," आई म्हणाली.

बाबू माझ्याकडे बघायला लागला. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हे मी त्याला समजावलं. पिढ्यान्‌पिढ्या बनारसात राहून आमच्या लोकांनी एवढं मात्र सोडलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तांदळाची छायाप्रत चालणार नाही, हलफनामा आणा, म्हणजे प्रतिज्ञापत्र. तो चेष्टा करत होता की काय, मला अजून कळलेलं नाही.

कचहरीत, म्हणजे कोर्टात, हलफनामा करून घेतला, की दोन्ही नावं एकाच बाईची. समोरच्या दुकानात सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या. प्रत्येकीवर आईची सही हवी होती, आधारवरच्या नावाने. काउंटरवर वाकून ती माहेरचं नाव लिहीत होती, सावकाश, शाळेतल्या अक्षरात. एका झेरॉक्सवर सवयीने लग्नातलं नाव पडलं. मी ती बाजूला काढली आणि दुकानदाराला नवी काढायला सांगितली.

काम झालं. पेन्शन आधारच्या नावाने मिळेल, बाबू म्हणाला, आता लग्नातलं नाव कुठेही लिहू नका. परत येताना आम्ही बॅटरीवरच्या टोटो रिक्षात बसलो.

"म्हणजे ह्यांच्याबरोबर ती तांदळातलीही गेली," ती म्हणाली.

पिशवीतली ती वाया गेलेली झेरॉक्स मी तिच्या हातात दिली. तिने आपली सही पाहिली, कागद मांडीवर सारखा केला.

"हिची अजून एक काढून ठेवशील?"

काढते म्हटलं. रडू तेव्हाही आलं नाही, आणि पहिल्यांदाच मला ते न येण्याची भीती वाटली.