रिकाम्या चौकटीला लावलेला हात
लोणंदच्या किराणा दुकानात हळदीचं पोतं फोडलं, की मी थेट सांगलीच्या आधारगृहात जाऊन पोचते. तिथं मागच्या मार्केट यार्डातल्या हळदीचा वास दिवसभर खिडकीतून आत यायचा. कामाची थाप मारून मला विकणाऱ्या माणसाच्या तावडीतून सुटून मी तिथं आले होते, आणि भीतीनं महिनोन्‌महिने उंबरा ओलांडला नव्हता. पुण्याच्या ज्यू बायकांचं एक मंडळ आम्हा मुलींसाठी यायचं. त्यातल्या एक मावशी आत-बाहेर करताना दाराच्या चौकटीला बोटं लावून ओठांना टेकवायच्या. "मावशी, तितं तर कायबी न्हाई," मी एकदा म्हटलं. त्या हसल्या. "आमच्या घरी तिथं डबी असते गं, आत देवाचं वचन. जाणाऱ्याला तो राखतो, परत आणतो. हाताला सवयच लागलीय." मग कोर्टात त्या माणसासमोर उभं राहायचा दिवस आला. गाडी दारात, आणि माझे पाय उचलेनात. "मला न्हाई जमायचं, मावशी." त्यांनी माझा हात धरून चौकटीला लावला. "चल. संध्याकाळी इथंच परत यायचंय." मी गेले, सगळं सांगितलं, आणि दिवेलागणीला त्याच दारातून आत आले. आता मावशी लेकाकडे इस्रायलला असतात. माझ्या घराच्या चौकटीवर बोटांचा डाग पडलाय. रंगाऱ्याला तेवढी जागा मी सोडायला लावते. तिकडं जायच्या आधी, शेवटच्या दिवशी निघताना मावशींनी आधारगृहाच्या त्या रिकाम्या चौकटीला हात लावला होता. मी पाहिलंय. म्हणून तर अजून त्यांची वाट बघते.