निर्मलाबाईंची देशी रिबन

निर्मलाबाई गोड बोलायला लागल्या की समजावं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. नंदुरबारला स्टेशन रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारच्या गाळ्यात त्यांचं लेबल-रिबनचं. मध्ये फक्त प्लायवूडची फळी. त्यामुळे त्यांच्या घरातली भांडणं मला माझ्या घरातल्यांपेक्षा जास्त ठाऊक असतात.

रिबन म्हणजे काळ्या शाईच्या पट्टीचा रोल. प्रिंटर तापतो, शाई वितळून लेबलवर बसते आणि मिरची पावडरच्या पाकिटावर तारीख उमटते. मिरचीच्या या गावात हा धंदा बरा चालतो. दुकान मूळचं निर्मलाबाईंच्या नवऱ्याचं, लोटनभाऊंचं. ते देशी रिबन विकायचे. त्यांचा साडू रतिलाल, म्हणजे निर्मलाबाईंच्या धाकट्या बहिणीचा, रुपाचा नवरा, इम्पोर्टेड विकायचा. "परदेशी माल शे, बोट झिजी जाई पण अक्षर नही जावाव," असं तो बाजारभर सांगत फिरायचा.

हेमराजशेठच्या मिरची कारखान्याची ऑर्डर कुणाला द्यायची, ते ठरायचं होतं. शेठनं दोघांना एकाच दिवशी बोलावलं. गंमत बघायला आणखी काही कारखानदार जमले. रतिलालनं लोटनभाऊंच्या लेबलवर अंगठा घासला, तर तारखेचा नुसता फराटा झाला. मग दुसऱ्या हाताचा अंगठा स्वतःच्या लेबलवर घासला, तारीख जागच्या जागी. इथवर थांबला असता तर धंदा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यानं तो काळा अंगठा लोटनभाऊंच्या कपाळावर टेकवला आणि म्हणाला, "देशी मालले नजर नको लागाले!"

सगळे पोट धरून हसले. ऑर्डर रतिलालला गेली. लोटनभाऊही हसले. घरी येऊन त्यांनी तोंड धुतलं आणि दुकानात बसणंच सोडलं. कारण बाजारात दिसले की कुणीतरी कपाळाला बोट लावून दाखवायचं. मागच्या खोलीत लेबलं कापत बसायचे. गिऱ्हाईक आलं तरी बाहेर यायचे नाहीत. प्रकाशा गावी सासरवाडीत कार्य निघालं तरी जाईनात, तिथे रतिलाल असणार म्हणून. गल्ल्यावर निर्मलाबाई बसू लागल्या. माणूस जिवंत असून घरातून नाहीसा झाला होता, आणि तो त्यांना परत हवा होता.

हेमराजशेठकडे मिरचीचे देठ खुडणारी सिंधुबाई एकदा माझ्याकडे झेरॉक्स काढायला आली. मिरचीनं हात भाजू नयेत म्हणून या बाया कामाआधी तळहाताला तेल चोळतात. तेलाची वाटी शेजारीच असते. बोलता बोलता ती म्हणाली, "तो पाव्हणानी मन्ही वाटीमा अंगठा बुडाया व्हता. लोटनभाऊना लेबलले तेलना अंगठा, अन स्वतःना लेबलले कोरडा!"

फळीपलीकडचा आवाज बंद झाला. निर्मलाबाई इकडे आल्या, सिंधुबाईला चहा पाजला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बहीण, आते हाई कोणले सांगू नको." मी मनात म्हटलं, रतिलाल मेला.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. रुपाकडच्या बारशाला गेल्या, रतिलालला हसून वाढलं. इकडे माझ्याच दुकानात प्रिंटर मांडून देशी आणि इम्पोर्टेड रोल आलटूनपालटून लावत बसल्या. प्रत्येक लेबलवर तेल, वर तिखट, वर अंगठा. माझ्या डोळ्यांना धारा लागायच्या. बाई मात्र पापणी हलवत नव्हत्या. निघालं ते असं: देशी-परदेशी ही नुसती बडबड. मेणाची रिबन कुठलीही असो, तेल लागलं की पुसते. रेझिनची, म्हणजे राळेच्या शाईची, कुठलीही असो, प्लास्टिकच्या लेबलवर नीट तापवून छापली तर टिकते. आणि इम्पोर्टेड म्हणून मिरवणारी रतिलालची रिबन मेणाचीच होती. बाईंनी देशी रेझिन रिबन बनवणारी कंपनी शोधली आणि अख्ख्या जिल्ह्याची एजन्सी घेतली. मग वाट बघत बसल्या.

मिरचीचा हंगाम सुरू झाला आणि हेमराजशेठची पाकिटं सुरतेहून परत यायला लागली. बायांच्या तेलकट हातांनी तारखा पुसल्या जात होत्या. निर्मलाबाई कारखान्यात गेल्या तेव्हा रतिलालही शेठची समजूत काढायला आलेला होता.

"शेठ, तुमन्या बायास्ले बलावा," त्या म्हणाल्या. "पाकिटं त्याच उचलतस, मंग हात बी त्यासनाच लावा."

सिंधुबाईनं वाटीत हात बुडवला आणि आधी रतिलालच्या लेबलवर फिरवला. लेबल कोरं. मग निर्मलाबाईंच्या लेबलवर घासघास घासला. तारीख ढिम्म हलली नाही. रतिलालनं वाटीकडे पाहिलं, सिंधुबाईकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्याचा चेहरा बघायला मी मुद्दाम दुकान बंद करून गेलो होतो.

त्यानंतर सगळ्या कारखान्यांना तीच रिबन हवी झाली. चांगली रेझिन रिबन बाहेरच्या देशातूनही येते. पण रतिलालनं परदेशी हा शब्द काढला की शेठ लोक तेलाची वाटी मागायचे. देशी घ्यावी तर कंपनी सांगायची, तुमच्या जिल्ह्याची एजन्सी निर्मलाबाईंकडे आहे. त्यानं स्वतः न येता रुपाला पाठवलं.

रुपा रडतच आली. "अक्का, दुकान बंद पडाले आयं. थोडा रोल दे. मन्हाकडे देखीसन तरी दे."

निर्मलाबाईंनी तिला जवळ बसवलं, चहा दिला, खणनारळानं तिची ओटी भरली. बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी बघून बाईंचा जीव कासावीस झाला, ते मला फळीच्या फटीतून दिसत होतं. शेवटी त्या उठल्या आणि मांडणीवरून खोकं खाली काढलं. मला इतका राग आला! एवढं सगळं केलं ते कशासाठी?

तेवढ्यात मागच्या खोलीतून लोटनभाऊ बाहेर आले. दुकानात गिऱ्हाईकं उभी होती, तरी आले. त्यांनी बायकोच्या हातातून खोकं घेतलं आणि परत मांडणीवर ठेवलं.

"नही," ते म्हणाले.

रुपा हात जोडून म्हणाली, "दाजी, ते चुकनात. आम्हनं कसं व्हई?"

निर्मलाबाई क्षणभर बहिणीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गल्ल्यामागची खुर्ची मागे सरकवली आणि स्वतः बाजूला झाल्या. लोटनभाऊ खुर्चीवर बसले, उभ्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारलं, आणि मग ओटी सावरत पायरी उतरणाऱ्या मेहुणीला हाक मारली.

"रुपा, रतिलालले सांगजो, लोटन दुकानवर बठेल शे."