गंगाफळाच्या वेलाचं लग्न

मी फुलांवर लिहावं इतका माझा अधिकार नाही. वनस्पतिशास्त्रात मी काठावर पास झालो आणि आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी आतून पाहिलेलं नव्हतं. लिहिण्यात चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण एका फुलापायी माझी खोली जायची वेळ आली होती, एवढं मात्र मी स्वतः भोगलं आहे.

जळगावात अक्कांच्या घरामागची खोली मला मिळाली होती. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या; बोलणं अहिराणी आणि आवाज परसातून थेट गल्लीपर्यंत. परसातल्या भिंतीवर गंगाफळाचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल चढला होता. सकाळी पिवळीधमक फुलं उमलायची, मग सुकून गळायची. फळ एक नाही.

"तू वना तैपशी एक फय नही," अक्का म्हणाल्या. "तुन्हा पायगुण शे भाऊ. दिवाळीलोंग फय धरं नही, तर खोली सोड."

दिवाळीपर्यंतचीच मुदत. वर्षाच्या मध्येच मी दुसरी खोली कुठे शोधणार? त्याच सुमारास कॉलेजात फुलांचा धडा सुरू झाला. सर म्हणाले, भोपळ्याच्या वेलावर नरफुलं वेगळी आणि मादीफुलं वेगळी. नरफुलातले परागकण मादीफुलाच्या कुक्षीवर पोचले तरच फळ धरतं, आणि ते काम मधमाशी करते. पलीकडच्या बाकांवर मुली होत्या, म्हणून मी मान खाली घालूनच लिहीत होतो. लिहिता लिहिता आठवलं, नातवाला माशा चावल्या म्हणून परसातल्या लिंबावरचं मोहोळ अक्कांनीच धूर करून पळवलं होतं.

हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती. नर-मादी हे शब्दही त्यांच्यासमोर ओठांवर येईनात. शेवटी म्हणालो, "अक्का, हे लांब दांड्याचं फूल नवरदेव. आत पिवळी भुकटी आहे बघा. आणि हिच्या पाकळ्यांखाली इवलंसं गंगाफळ दिसतं ना, ती नवरी. भुकटी हिला लावली की झालं."

अक्कांना पटलं. जरा जास्तच पटलं. मी नवरदेवाच्या पाकळ्या काढून त्याला नवरीपाशी नेणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब! दोन्ही एकच येलना?"

"हो."

"म्हंजे भाऊ-बहीण! आपलामा आसं लगीन व्हत नही."

"पुस्तकात चालतं, अक्का."

"पुस्तकले काय कुळ-गोत ऱ्हातस?"

मी नवरदेव बाजूला ठेवला.

नवरदेव परगावचा आणायचं ठरलं. एरंडोल तालुक्यात आमच्या घरामागच्या उकिरड्यावर असाच वेल होता. शनिवारी घरी गेलो आणि सोमवारी उजाडता उजाडता दोन-तीन नरफुलं खुडून ओल्या फडक्यात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि पहिली एसटी धरली. कंडक्टरने डब्याकडे पाहून विचारलं, "काय रे, भाजी का?"

"नाही, नवरदेव," माझ्या तोंडून निघून गेलं. पुढच्या बाकावरचे लोक जळगाव येईपर्यंत वळून वळून पाहत होते.

अक्का हळद-कुंकू घेऊन दारातच उभ्या. त्या सकाळी नवरी एकच उमलली होती. नातवाने आपला टॉवेल अंतरपाट म्हणून धरला. अक्का तांदूळ टाकत होत्या आणि ते कुक्षीवर पडू नयेत म्हणून मी एक हात आडवा धरून दुसऱ्याने परागकण लावत होतो.

दुसऱ्याच दिवशी कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली. फळ धरतं की पिवळं पडून गळतं, ते कळायच्या आतच मला गावी जावं लागलं. पुढच्या आठवड्यात आबा, म्हणजे माझे वडील, जळगावच्या बाजाराला निघाले. मी त्यांच्या हाती पोतं दिलं. म्हणालो, "अक्का सांगतील, तर माझं सामान घेऊन या."

संध्याकाळी ते आले. पोतं घडी करून काखेत होतं.

"अक्का म्हनतस, तुन्हा पोऱ्यानी लायेल लगीन टिकनं," आबा खाटेवर बसत म्हणाले. "तू तठे शिकस का लगीनं जमाडस?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"आनि हां, फय मुठीएवढं व्हयनं. खोली तुन्हीच शे."