खिळ्यावरचे कप

गाडी हलली तरी नगर स्टेशनवर पप्पा रडले नाहीत. खिडकीचा गज धरून चालत राहिले आणि सूचना देत राहिले. पाणी उकळून प्या. पाकीट आतल्या खिशात ठेवा, हे जावयाला. मग मला म्हणाले, "रविवार चुकवू नको. आणि जिथं आपला कप वेगळा ठेवतात, तिथं दुसऱ्यांदा जायचं नाही, पोरी." तुम्ही जे नगरला राहिलात, त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. आपल्या आजोबांनी ख्रिस्ती होण्याआधी आणि झाल्यावरही गावात कोनाड्यातल्या वेगळ्या कपातूनच चहा घेतला होता. जे माझ्यासारखे निघालात, त्यांनी हे वाक्य सामानात कुठे ठेवलं कोण जाणे. माझ्या पेटीत ते अगदी वर होतं.

नव्वदच्या दशकातलं बंगळूर. सुधाकरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, मल्लेश्वरमला दोन खोल्या, आणि मला दिवस गेलेले. दुकानात कन्नड, ऑफिसात इंग्रजी, शेजारी तमिळ. अशात माझा एकच हट्ट होता, की बाळाचा बाप्तिस्मा मराठीत व्हावा.

एका कन्नड चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चारला मराठी उपासना होते, असं कळलं. दोन पिढ्यांपूर्वी एक नर्स, एक रेल्वेतला कारकून आणि एक मास्तर कुणाच्या तरी व्हरांड्यात प्रार्थनेला बसू लागले, ती ही मंडळी. त्या नर्सची मुलगी सुलोचनाअक्का आता तिथलं सगळं पाहायच्या.

उपासना संपली की चहा. हॉलच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या दोन रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्याला एक चिनीमातीचा कप. निळ्या फुलांचा, सोनेरी काठाचा, एक टवका उडालेला. जो तो आपापला कप काढून घेई. अक्कांनी आमच्यासाठी खालच्या कपाटातून स्टीलचे ग्लास काढले.

मी तो चहा अर्धाच प्यायले. "गाव कुठलं तुमचं?" अक्कांनी विचारलं. आपल्याकडे गाव विचारणारा नेमकं काय विचारत असतो, ते मला चांगलं ठाऊक होतं. मी नुसतं "नगर" म्हटलं. मी जवळ गेले की बायकांचे आवाज खाली येत. माझा ग्लास मी घासून ठेवला तरी अक्का तो पुन्हा धूत. त्या सगळ्यांचेच कप पुन्हा धुवायच्या, पण तो देखावा असेल असं मला वाटे. येशूच्या घरातही कोनाडा आहेच म्हणायचा! तरी बाळासाठी मी जात राहिले, आणि प्रत्येक वेळी पप्पांचं मोडलेलं वाक्य बरोबर घेऊन परतत राहिले.

मुलगी झाली, करुणा. पाळक म्हणाले, "इथल्या रीतीप्रमाणे बाळामागे एक जुना सभासद उभा राहतो. अक्कांना विचारा." अक्का म्हणाल्या, "बघू. स्वल्प, थोडं थांब." सुधाकर वैतागला. मोठ्या रस्त्यावरच्या इंग्लिश चर्चमध्ये काही विचारत नाहीत, तिथे जाऊ म्हणाला. त्या रविवारी मी सरळ चहाच्या स्टोव्हपाशी गेले. "अक्का, आमचा ग्लास वेगळा का?"

अक्का भिंतीकडे वळल्या. मग एकेका कपाला बोट लावत गेल्या. "हा साळव्यांचा. लेकराचा बाप्तिस्मा झाला, फोटो काढले, इंग्लिश चर्चला गेले. हा गायकवाडांचा. ते दुबईला. निम्मे कप कोणी काढतच नाही गं. राहणारा माणूस घरचा कप आणतो, खिळा मी ठोकते. तुम्ही इतके दिवस आलात, कप नाही आणला. मला वाटलं, ही पण लेकराला बाप्तिस्म्याचं पाणी घेणार न् जाणार."

"कुणी सांगितलंच नाही."

"आपल्याच घरी कप आणायला सांगावं लागतंय होय?" त्या खाली बसल्या. "माझी आई पण नगरकडचीच. तिला गावात कोनाड्यातला कप होता. म्हणून तिनं इथं हे खिळे मारले. सगळ्यांचे कप एका भिंतीवर."

मी लगेच विश्वास ठेवला, असं नाही. आमच्या घरी विश्वासही पाण्यासारखा उकळूनच घेतात. पण पुढच्या रविवारी लग्नातल्या सेटमधला एक कप नेला. अक्कांनी खलातला बत्ता आणून खिळा ठोकला. "सरी," म्हणजे झालं, ठीक, असं म्हणाल्या, आणि बाप्तिस्म्याला माझ्या लेकीमागे उभ्या राहिल्या.

त्या दिवशी नगरहून पप्पा आले होते. चहाच्या वेळी कुणीतरी त्यांच्या हातात स्टीलचा ग्लास दिला. पाहुणे ना ते! पप्पांनी ग्लासकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात अक्कांनी तो ग्लास त्यांच्या हातून काढून घेतला, स्वतःचा, आईपासून चालत आलेला कप भरून त्यांना दिला, आणि त्या ग्लासातला चहा आपण प्यायल्या. पप्पांनी कप शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला. निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी चारलाच ना?"

आता अक्का नाहीत, पप्पाही नाहीत. करुणा बंगळूरच्याच सर्जापूर रोडला राहते आणि तिथल्या इंग्लिश चर्चला जाते, तेव्हा अक्कांची शंका अगदीच खोटी नव्हती. घर कुठलं, असं विचारलं तर मी हल्ली नगर म्हणत नाही. आपण निघून जाऊ अशी धास्ती जिथे कुणाला तरी वाटते, ते घर, असं मला वाटतं.

गेल्या रविवारी पुण्याहून आलेलं एक जोडपं आलं, कडेवर बाळ. अक्कांनंतर चहाचं मी बघते; मी त्या मुलीला स्टीलचा ग्लास दिला. तिने ग्लासकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. ही पण जाणार, असं माझ्या मनात आलंच. तरी मी तिला म्हटलं, "पुढच्या वेळी घरचा कप घेऊन ये." आणि घरी आल्याआल्या अक्कांनी माझ्याकडे दिलेला बत्ता शोधून पिशवीत टाकला.